तीन वीस, वारा नसताना

बाबांच्या गावच्या विमानतळापासून माझ्या गावच्या विमानतळापर्यंतचं अंतर पंधराशे बारा किलोमीटर आहे. सरळ रेषेत. पंख्यांचं, पन्नासेक माणसांचं विमान हे अंतर वारा नसताना तीन तास वीस मिनिटांत कापेल. त्यात चढायची आणि उतरायची मिळून बारा मिनिटं धरलेली आहेत. असं विमान नाही. कधी नव्हतंही. दोन्ही विमानतळ इतके लहान आहेत की एकाला दुसऱ्याचा पत्ता नसावा. प्रत्यक्षात मला दोन मोठ्या शहरांत विमान बदलावं लागतं आणि सकाळी निघाले तर पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पण आमच्या घरात या अंतराचा आकडा एकच होता, तीन वीस, आणि तो बाबांनी काढलेला होता.

बाबा त्या लहान विमानतळाच्या टॉवरमध्ये चौतीस वर्षं होते. दिवसाला दोन प्रवासी विमानं, एखादं मालवाहू, हंगामात शेतांवर औषध फवारणारी एक-दोन. उरलेला वेळ समोरची धावपट्टी आणि तिच्या पलीकडचं गवत. मी नोकरीसाठी इतकी लांब आले तेव्हा त्यांनी पहिल्याच रविवारी नकाशावर पट्टी लावून हे अंतर मोजलं. त्यानंतर एकोणीस वर्षं दर रविवारी ते वरच्या वाऱ्याचे आकडे बघून त्या दिवसाचा वेळ काढत आणि फोन उचलल्या उचलल्या सांगत.

"आज तीन छत्तीस. समोरून वारा आहे तुला."

मी पूर्वेला राहते, ते पश्चिमेला, आणि वरचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. त्यामुळे माहेरी जाताना मला नेहमीच जास्त वेळ लागायचा, निदान बाबांच्या हिशोबात.

"आणि तुम्ही इकडे यायचं म्हटलं तर?"

"तीन सात. पण मी कुठे येतोय!"

ते माझ्याकडे एकदाच आले, आणि तेही रेल्वेने, दोन दिवस बसून. विमानात बसायला त्यांना आवडत नसे. खिडकीतून काही दिसत नाही, म्हणायचे. टॉवरमधून सगळं दिसतं.

टॉवरमध्ये प्रत्येक विमानासाठी पुठ्ठ्याची एक पट्टी असायची, वीतभर लांब, दोन बोटं रुंद. तिच्यावर रकाने: विमान कोणतं, कुठून कुठे, किती वाजता उडालं, कधी अपेक्षित आहे. शेवटचा रकाना उतरल्याच्या वेळेचा. तो भरला की पट्टी पत्र्याच्या डब्यात जायची. न भरलेली पट्टी डब्यात टाकणं हा बाबांच्या लेखी एकमेव अक्षम्य गुन्हा होता. अपेक्षित वेळेनंतर तीस मिनिटं गेली आणि विमानाचा पत्ता नसला की तीन पायऱ्यांचं काम सुरू व्हायचं. आधी फोनाफोनी, मग आसपासच्या सगळ्यांना सावध करणं, मग शोध. बाबा या पायऱ्यांना काळजी, सावध आणि संकट म्हणत. खोडरबर कुठेच नसायचा. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, आणि शेजारी दोन सह्या: ज्याने बदलला त्याची आणि ज्याने बदलताना पाहिलं त्याची.

चौतीस वर्षांत तिसऱ्या पायरीपर्यंत ते एकदाच गेले. फवारणीचं विमान होतं. उजेड सरत आला तरी परतलं नाही म्हणून बाबांनी तीन गावांत माणसं पाठवली, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना फोन केले. विमान एका शेतात सुखरूप उभं होतं आणि वैमानिक शेतमालकाच्या ओसरीवर जेवून झोपला होता. दुसऱ्या दिवशी तो टॉवरमध्ये आला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "उतरलास तर उतरलो म्हणायला जीभ झिजते का रे?" तेव्हापासून त्याचं नाव फवाऱ्या पडलं आणि तो बाबांचा सगळ्यांत जवळचा मित्र झाला. आम्ही त्याला फवारे काका म्हणायचो. खरं आडनाव मला अजूनही माहीत नाही.

निवृत्त होताना बाबांनी कोऱ्या पट्ट्यांचे गठ्ठे घरी आणले. दूधवाल्याचे खाडे, वाणसामानाची यादी, दादाच्या पंपदुरुस्तीच्या दुकानातल्या नोंदी, सगळं त्या पट्ट्यांवर. माझ्या बहुतेक पुस्तकांत खूण म्हणून बाबांचीच पट्टी आहे. मी ग्रंथालयात काम करते. आमच्या घरात निदान दोघांचा पोटापाण्याचा उद्योग नोंदी ठेवण्याचा होता.

आणि घरातल्या माणसांसाठीही टॉवरचेच नियम होते. प्रवासाला निघालेल्याने फाटकातून, रांगेतून, गाडीतून निरोप पाठवायचा नाही. "अजून जमिनीवरच आहेस की," बाबा म्हणायचे. "जमिनीवरचा माणूस घरी बसल्यासारखाच." विमानाचं दार बंद झालं की दोन शब्द: दार लागलं. पोचल्यावर एक शब्द: उतरले. मधलं काही नको. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला हे फार विचित्र वाटायचं. "मी बसने माहेरी चाललेय हो बाबा, बसला दार असतं पण कंडक्टर ते उघडंच ठेवतो," असं ती एकदा म्हणाली होती. बाबांनी गंभीरपणे विचार करून तिला सांगितलं की मग घंटी वाजली की कळव.

गेल्या वर्षी बाबांच्या फुप्फुसांनी दगा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी इस्पितळातून घरी पाठवलं, ऑक्सिजनची नळी आणि यंत्र दिलं, आणि काय ते समजून घ्या अशा अर्थाचं काहीतरी दादाला सांगितलं. त्यानंतर दादाचा "ये" असा फोन मला तीनदा आला. पहिल्यांदा मी पोचले तेव्हा बाबा उशीला टेकून चहा पीत होते. दुसऱ्यांदा मी दारातून आत आले तर ते आरशासमोर बसून दाढी करत होते.

"खोटा अलार्म," ते गालाला साबण तसाच ठेवून म्हणाले. "तुझ्या भावाला पंपातलं कळतं, माणसातलं नाही."

तिसरा फोन एका मंगळवारी संध्याकाळी आला. मी बुधवारी सकाळचं सहा पन्नासचं विमान ठरवलं. आमच्या विमानतळावरून दिवसाला दोन विमानं सुटतात, सहा पन्नास आणि एक वीस. सकाळचं पकडलं की त्याच संध्याकाळी पाच चाळीसला बाबांच्या गावी उतरता येतं. दुपारचं पकडलं तर शेवटचं विमान मिळत नाही आणि मधल्या शहरात रात्र काढावी लागते.

बुधवारी साडेचारला गजर झाला. बॅग भरलेली होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि उठले नाही. इथे काही कारण द्यावं असं वाटतं, पण मी ते बऱ्याचदा शोधून पाहिलंय. थकवा होता, पण उठता येणार नाही इतका नव्हता. ग्रंथालयात काही अडलं नव्हतं. मला फक्त तिसऱ्यांदा तो प्रवास करायचा नव्हता. बाबा उशीला टेकून बसलेले असतील, मला बघून हसतील, आणि मी चार दिवसांनी परत येईन, असं मी धरून चालले होते. तर मग दुपारी जाऊ. सहा चव्वेचाळीसला मी पलंगावरूनच दादाला निरोप पाठवला: दार लागलं. तो पाठवला नसता तर दादा काळजी करत बसला असता. मग मी दोन तास झोपले.

एक वीसचं विमान एक पंचवीसला उडालं. पहिल्या शहरात चहा घेतला, दुसऱ्या विमानात पुस्तक वाचलं. दुसऱ्या शहरात उतरून फोन चालू केला तेव्हा सहा पंचावन्न झाले होते आणि दादाचे पाच फोन येऊन गेले होते.

"कुठे आहेस तू?" दादाचा आवाज दबका होता. "मी विमानतळावर शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत उभा होतो."

"पुढचं विमान चुकलं," मी म्हणाले. हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"कळवायचं तरी."

"फोन बंद होता. बाबा?"

"आत्ताच डोळा लागलाय. फवारे काका बसलेत जवळ. सकाळच्याने ये."

सात वीसला बाबा गेले. दादाने साडेसातला फोन केला. मी तेव्हा सामानाच्या पट्ट्यासमोरच्या बाकावर बसले होते. पट्टा रिकामा फिरत होता.

सकाळी सात बेचाळीसला मी बाबांच्या गावी उतरले. धावपट्टीच्या कडेचा टॉवर तसाच, चार खिडक्यांचा. दादा न्यायला आला होता. गाडीत तो फक्त रस्त्याबद्दल बोलला. कुठे खोदून ठेवलंय, कुठून वळावं लागतं. घरी आत्या होती, बाबांची मोठी बहीण, ब्याऐंशी वर्षांची, आणि तिच्याकडून निदान रडारड होईल असं मला वाटलं होतं. तिने मला जवळ घेतलं आणि लगेच सोडलं.

"आधी पाणी पी. तुझं विमान चुकलं म्हणे?"

"हो."

"चुकायचंच. माझा भाऊ जन्मभर दुसऱ्यांची विमानं वेळेवर आली का बघत बसला, आणि स्वतःच्या पोरीचं एक धड येऊ नये." मग तिला आपलंच बोलणं लागलं असावं. "जा, बघून घे त्याला. दाढी केलीय हो त्याची. दादाने केली."

त्या दिवशीच्या बाकी गोष्टी इतरत्र होतात तशाच झाल्या. माणसं आली, बसली, गेली. वहिनीने कपांचा हिशोब ठेवला नाही पण चहा कमी पडू दिला नाही. बाबांच्या खोलीतलं ऑक्सिजनचं यंत्र भाड्याचं होतं. ते न्यायला माणूस आला आणि नळी गुंडाळताना त्याने चपला काढल्या.

फवारे काका तिसऱ्या दिवशी आले. उंच, खांद्यात वाकलेले, वयाने बाबांपेक्षा सहा वर्षं लहान. बाबांची खुर्ची रिकामी असूनही स्टुलावर बसले.

"तुम्ही त्या दिवशी होतात ना दिवसभर?" मी विचारलं.

"होतो म्हणजे! ड्युटीवर होतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुला दादाने सांगितलं नाही?"

दादाने सांगितलं नव्हतं. तो दुकानात गेला होता. आत्या पलीकडच्या पलंगावर पाय सोडून बसली होती.

"सांग रे तिला," आत्या म्हणाली. "नाहीतरी तुला कधीची सांगायची खुमखुमी आहे."

"तुझा निरोप आला सकाळी," काका म्हणाले. "दादाने वाचून दाखवला. दार लागलं. झालं! तुझ्या बाबाला अंगात वारं भरल्यासारखं झालं. पट्टी द्या, पेन्सिल द्या. आदल्या रात्रीपासून घोटभर पाणी घेत नव्हता, पण पट्टी लिहिली. उड्डाण सहा बावन्न. वाऱ्याचे आकडे दादाला फोनवर शोधायला लावले. तीन छत्तीस. म्हणजे दहा अठ्ठावीसला ही इथे."

"पण थेट विमान नाही हे त्यांना माहीत होतं."

"माहीत होतं तेव्हा होतं. त्या दिवशी नव्हतं. दादा दोनदा म्हणाला, बाबा, तिला दोनदा बदलायचंय, संध्याकाळ होईल. तर हा म्हणे, पंधराशे बारा किलोमीटरला संध्याकाळ कशाला होईल? बैलगाडीने येतेय का?"

आत्या हसली. मीही हसले असेन.

"दहा अठ्ठेचाळीसला मला दादाचा फोन. काका, ताबडतोब या, बाबा ऐकत नाहीयेत. मी आलो तोवर दहा अठ्ठावन्न. तीस मिनिटं झाली होती. मला बघून काय म्हणतो, फवाऱ्या, तू वरून आलास, तुला वाटेत दिसलं का एखादं? मी सायकलवरून आलो होतो गं."

"मग?"

"मग काय करणार? त्याचा श्वास चढत होता. दादा बिचारा भिंतीला टेकून उभा. पुढे सावधची पायरी, मग शोध. शोधावर गेला असता तर तिथेच संपला असता. मी म्हणालो, मला कळलंय, सांगायलाच आलो. इंधनासाठी मध्ये उतरवलंय." त्यांनी चष्मा परत घातला. "मी त्याच्याशी तीस वर्षांत एकदाच खोटं वागलो होतो, आणि ते पण झोपलो होतो म्हणून. आता जागेपणी वागलो."

"त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं? उलटतपासणी घेतली. कुठल्या धावपट्टीवर, किती इंधन, कोण म्हणालं. मी एकेक रचत गेलो. दोन वाजता म्हणालो, पुन्हा उडालं. म्हणे अंदाज काय? मी म्हणालो, पाच चाळीस. कारण दादा म्हणाला होता की तू पाच चाळीसला खरीच येणार. म्हटलं, तेवढं गाठलं की मी सुटलो."

आत्याने पाय वर घेतले. तिला पुढचं माहीत होतं.

"पाच चाळीसचं विमान घरावरून जातं, तुला माहीतच आहे. त्याने आवाज ऐकला. बोट वर केलं. चेहऱ्यावर असं..." काकांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. "दादा तुला आणायला गेलेला. मग दादा परत आला. एकटा. दारात उभा राहिला. आणि तुझा बाबा माझ्याकडे बघायला लागला. दादाकडे नाही, माझ्याकडे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"वळवलंय, म्हणालो. ते विमान दुसरं होतं. हिचं दुसरीकडे उतरलंय, सगळे सुखरूप. तो म्हणाला, कोण म्हणतं? मी म्हणालो, तीच म्हणते. मला फोन आला होता. म्हणे, तिचा आवाज ऐकलास? स्वतः?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मी म्हणालो, ऐकला. उतरले म्हणाली. मग त्याने तेवढं लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. नंतर झोपला तो."



"तू मनाला लावून घेऊ नकोस," काका म्हणाले. "विमान चुकणं काय तुझ्या हातात होतं?"

मी त्यांना चहा विचारला. ते हो म्हणाले, आणि मी तो करायला आत गेले.

स्वयंपाकघरात वहिनी होती. तिने माझ्या हातातून भांडं घेतलं, मी पाणी ओतायचं विसरून ते नुसतंच गॅसवर ठेवलं होतं. मी खिडकीजवळ उभी राहून वेळा मांडून पाहिल्या. पाच चाळीसला मी दुसऱ्या विमानात, डाव्या बाजूला. पुस्तक अर्ध्यावर आलं होतं आणि खूण म्हणून ठेवलेली बाबांची पट्टी मी मांडीवर काढून ठेवली होती. तिच्यावर त्यांच्या अक्षरात साबण, मेणबत्त्या, पाव असं लिहिलेलं होतं. सकाळच्या विमानाने आले असते तर सहाच्या आत बाबांच्या खोलीत असते. सात वीसपर्यंत जवळजवळ दीड तास मिळाला असता. बेरीज-वजाबाकीत कुठे चूक सापडते का ते मी पुन्हा पाहिलं.

सहाव्या दिवशी दादा बाबांच्या टेबलाचा खण आवरत होता. मी शेजारी बसून कागद निवडत होते: ठेवायचे, फाडायचे, विचारून फाडायचे. त्याने पत्र्याचा डबा बाहेर काढला, टॉवरमधला, ज्यात पूर्ण झालेल्या पट्ट्या जात. त्यात आमच्या सगळ्यांचे प्रवास होते. वहिनीच्या बसच्या पट्ट्यासुद्धा, घंटीच्या वेळेसकट. मग त्याने शर्टाच्या खिशातून एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही तुझी. डब्यात नाही टाकली. पुरी नाहीये."

अक्षर बाबांचं होतं, पण उतरत गेलेलं, शेवटी शेवटी रकान्याबाहेर.

उड्डाण ६.५२. अपेक्षित १०.२८. त्याखाली दाटीवाटीने: १०.५८ काळजी. ११.२० फ. सांगतो, इंधनासाठी उतरलं. १४.०५ फ., पुन्हा हवेत. १७.५५ फ., वळवलं, सुखरूप, आवाज ऐकला.

शेवटचा रकाना रिकामा होता.

"मी त्यांना म्हणालो, बाबा, उतरली ना ती, लिहा की वेळ," दादा म्हणाला. "तर म्हणाले, इथे नाही उतरली अजून. इथे उतरेल तेव्हा लिहू." त्याने पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "लिही. म्हणजे डब्यात टाकतो."

मी दुसऱ्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं: ७.४२. पट्टी पूर्ण झाली होती. दादाने घ्यायला हात पुढे केला.

इथे थांबता आलं असतं. काकांना माहीत नव्हतं, आत्याला नव्हतं, आणि ज्यांना फरक पडला असता ते ज्या आकड्यावर विश्वास ठेवून गेले तो आकडा माझ्यासमोर होता. मी बरंच काही वाचलंय, आणि वाचलेल्यातून मला अशा वेळी माणसं का बोलतात आणि का गप्प राहतात याची दोन्हीकडची कारणं पाठ आहेत. त्यातलं एकही तेव्हा आठवलं नाही. आठवलं ते एवढंच की ग्रंथालयात मी चुकीची नोंद दिसली की दुरुस्त करते, आणि ही चुकीची होती.

मी ६.५२ वर एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं: १३.२५. शेजारी सही केली.

दादाने पट्टी वाचली. त्याने उजेडाकडे धरून पुन्हा वाचली.

"हे काय?"

"मी सकाळी निघालेच नाही. घरीच होते. तो निरोप मी पलंगावरून पाठवला."

"दार लागलं म्हणून?"

"हो."

"आणि चुकलेलं विमान?"

"ते चुकलं नाही. दुपारच्याने आलं की ते मिळतच नाही."

दादा पंप उघडून बघताना जसा बघतो तसा पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने वजाबाकी केली. आमच्या घरात ती आपोआप होते.

"सहा तास तेहतीस मिनिटं," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"वाटलं, याही वेळी दाढी करत असतील."

बाहेर वहिनी कोणाशी तरी फोनवर बोलत होती. दादाने पट्टी टेबलावर ठेवली, अगदी कडेला समांतर.

"उशिरा निघालेल्या विमानावर बाबा कधी चिडलेले पाहिलेस तू?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "एकदा तरी? दुपारी निघते म्हणाली असतीस तर तेरा वीस लिहिलं असतं त्यांनी. आणि शांत पडून राहिले असते. मी दिवसभर त्यांच्याजवळ बसलो असतो. विमानतळावर गेलोच नसतो."

मी पेन्सिल खणात ठेवली.

"पाऊण तास मी तिथे होतो. जाऊन येऊन पाऊण तास."

"माहीत आहे."

"नाही माहीत तुला," दादा म्हणाला, आणि उठून दुकानात गेला. दुपार होती, दुकान त्या वेळी बंद असतं.

पट्टी टेबलावर राहिली, एका सहीची. दुसरी सही ज्याने पाहिलं त्याची लागते, म्हणजे दादाची. पुढचे चार दिवस ती तिथेच होती. वहिनी टेबल पुसताना ती उचलायची, खालून फडका फिरवायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. तिने वाचली असणार. दादा माझ्याशी बोलत होता, जेवायला चल, गरम पाणी काढलंय, अमक्याचा फोन येऊन गेला. त्यापलीकडे नाही. आत्याने एकदा आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "काय झालंय ते मला सांगू नका. माझ्या वयाला झेपेल असं असेल तरच सांगा." आम्ही सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी आठ दहाचं विमान होतं. दादाने मला विमानतळावर सोडलं, बॅग उतरवून दिली, आणि फाटकापाशी थांबला नाही. टेबलावरच्या पट्टीचं काय झालं ते मी पाहिलं नव्हतं; निघताना बाबांच्या खोलीत गेले नाही.

विमानात माझी जागा मागच्या बाजूला होती. हवाईसुंदरीने जिना वर ओढून घेतला, दाराची कडी फिरवली, हाताने दोनदा दाबून पाहिली. तोपर्यंत मी फोन हातात धरून बसले होते. मग लिहिलं: दार लागलं. आठ नऊ झाले होते. ती माझ्यापाशी येऊन फोन बंद करा म्हणाली, आणि मी केला. टॉवर उजवीकडून मागे गेला. वारा पाठीशी होता, तीन सातपेक्षा जास्त लागले नसते.

दोन विमानं बदलून मी संध्याकाळी सहा पस्तीसला माझ्या गावी उतरले. छोट्या इमारतीच्या दाराशी उभी राहून फोन चालू केला. दादाकडून काही आलेलं नव्हतं. मी लिहिलं: उतरले. शेजारून माणसं बॅगा ओढत जात होती, कोणाला घ्यायला कोणीतरी आलेलं होतं. रिक्षात बसेपर्यंत काही आलं नाही. घराचं कुलूप काढताना फोन वाजला.

दादाचा निरोप होता. त्यात एवढंच होतं: १८.३५. लिहिलं.

म्हणजे त्याने माझ्या नावाची पट्टी केली होती, सकाळी आठ नऊच्या निरोपावरून, आणि दिवसभर ती कुठेतरी समोर ठेवली होती. बाबांच्या टेबलावर की दुकानात, माहीत नाही. त्या आधीच्या पट्टीवर त्याने सही केली का, हे मी अजून विचारलेलं नाही. रविवारी फोन करते तेव्हा आम्ही बहुतेक आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलतो.